परवानगी कोणाची घ्यावी?



माघी वारी करून आपण घरी परततो तेव्हा पानगळ सुरू झालेली असते. कोणाच्या दारात पिंपळ असतो, कोणाच्या आंबा, कोणाच्या परसात साग नाहीतर बदाम. सकाळी अंगण झाडून घ्यावे तर दुपारपर्यंत पुन्हा तेवढीच पाने. झाडणारी माउली तो सगळा पालापाचोळा एका कोपऱ्याला ढकलते, आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे घरातले कोणीतरी त्या ढिगाला काडी लावते. हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात विचार करण्याजोगे काही असेल असे कोणाला वाटत नाही. आपण एकादशीच्या फराळाचा विचार करतो, गळ्यातल्या माळेची लाज राखली जाते की नाही ते पाहतो, कोणाचे काही घेतले तर नाही ना हेही तपासतो. ढिगाला काडी लावताना मात्र हात सहज चालतो. आज त्या काडीविषयी बोलू या.

मध्यंतरी एका सज्जन वारकऱ्यांशी या विषयावर बोलणे झाले. त्यांनी सरळच विचारले, "अंगण माझे, झाड माझे, पाने माझी. मग जाळायला परवानगी कोणाची घ्यायची?" प्रश्न प्रामाणिक होता, आणि तो धुडकावून लावण्यासारखा नाही. एवढेच पाहा की त्या एका वाक्यात "माझे" तीनदा आले. कीर्तनात हा शब्द ऐकला की आपण लगेच सावध होतो. अंगणात मात्र तो आपल्या कानाला लागत नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण "परमार्थात कायदा कशाला" असे म्हणून तो टाळणे सोयीचे असते, योग्य नसते. केंद्र सरकारने २०१६ साली घनकचरा व्यवस्थापनाचे नियम काढले. त्यांत प्रत्येक घराला सांगितले होते की बागेतला, परसातला पालापाचोळा आपल्याच आवारात वेगळा साठवावा आणि स्थानिक संस्था सांगेल त्याप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी. रस्त्यावर, आपल्या आवाराबाहेरच्या मोकळ्या सार्वजनिक जागेत, गटारात किंवा पाण्यात कचरा टाकू नये, जाळू नये, पुरू नये, असेही स्पष्ट लिहिले होते. हे नियम कोणाला लागू, याची यादीही होती. शहरे, नगरपालिका, रेल्वेच्या जागा, विमानतळ यांच्या बरोबरीने राज्य सरकार अधिसूचित करील ती तीर्थक्षेत्रे आणि धार्मिक महत्त्वाची स्थळे त्या यादीत होती. म्हणजे सरकारला तीर्थाची आठवण राहिली होती. त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादाने कचरा उघड्यावर जाळण्यास देशभर मनाई केली. साध्या प्रकाराला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. त्याआधीच्या १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्यातही राज्य सरकारला असा अधिकार आहे की प्रदूषण नियंत्रण क्षेत्रात इंधनाशिवाय दुसरी कोणतीही वस्तू जाळण्यावर बंदी घालावी. घराजवळ राखीव जंगल असेल तर १९२७ चा वन कायदा आणखी कडक आहे. जंगलाला धोका पोहोचेल अशी आग पेटवणे किंवा पेटती सोडून निघून जाणे हा तिथे गुन्हा आहे. आपल्याकडे वन खाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरते, आणि पानगळ नेमकी त्याच दिवसांत असते.

आता त्या सज्जनांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या नियमात "आपल्या आवाराबाहेर" असे शब्द होते. लहान खेड्याचे नाव त्या यादीत ठळकपणे नव्हते. घराच्या कुंपणाच्या आत, टोपलीभर पानांसाठी, कोणी दंडाची पावती घेऊन दारात येत नाही. आपल्या गावचा आजचा नियम नेमका काय, हे ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन विचारावे. दहा मिनिटांचे काम आहे. तरी फटी राहतीलच. नियम माणसांनी केलेले असतात, त्यांना कुठेतरी रेघ ओढावी लागते, आणि ती रेघ बहुधा कुंपणावर ओढली जाते. मला प्रश्न वाटतो तो त्या रेघेच्या आतला. नियमाने अडवले नाही म्हणजे परवानगी मिळाली, असे वारकऱ्याने समजावे काय?

आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे आज परदेशात आहेत. तिथली एक रीत सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये ज्या ग्रामीण भागात घरच्या आवारातली सुकी पाने-काटक्या जाळू देतात, तिथे नुसता परवाना घेऊन भागत नाही. ज्या दिवशी जाळायचे त्या दिवशी हवेच्या कार्यालयाला विचारावे लागते की आज जाळण्याचा दिवस आहे का. वारा पडलेला असेल, धूर वर जाणार नसेल किंवा वारा फार सुटला असेल, तर परवाना खिशात असूनही काडी लावता येत नाही. ढीग चार फुटांहून रुंद आणि उंच नसावा, भोवती दहा फूट जमीन मातीपर्यंत मोकळी असावी, जवळ पाणी आणि फावडे असावे, आणि विझेपर्यंत एक मोठे माणूस तिथे हजर असावे. इंग्लंडमध्ये परसात शेकोटी पेटवायला सरसकट बंदी नाही. पण त्या धुराचा शेजाऱ्याला उपद्रव झाला तर तो १९९० च्या पर्यावरण कायद्याखाली दाद मागू शकतो. तिकडचे सगळे चांगले, असे मला म्हणायचे नाही. तिकडेही रान पेटतेच. पण या दोन्ही रीतींत एक गोष्ट घेण्यासारखी आहे. एकीकडे जाळण्यापूर्वी वाऱ्याला विचारतात, दुसरीकडे शेजाऱ्याच्या नाकाला मान आहे. जमीन कोणाची, हा प्रश्न दोन्हीकडे मागे पडला आहे.

आणि तो मागे पडणे बरोबरच आहे. पाने आपली असतात, पण ती जळून जे होते ते आपले राहत नाही. राख आपल्या अंगणात राहते आणि धूर दुसऱ्याच्या घरात जातो. त्यातून ओलसर पाला असला तर तो धड पेटत नाही, तासन् तास धुमसतो. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. सूक्ष्म कण निघतात ते इतके बारीक की आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे. नाकातल्या केसांना ते अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. ढिगात दुधाची पिशवी, गुटख्याची पुडी, प्लास्टिकचा पेला गेलेला असला, आणि आजकाल तो जातोच, तर त्या धुरात विषाची भर पडते. आपल्याला वाटते पहाटे जाळावे, कोणाला त्रास नको. उलट थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार असते, म्हणून धूर वर चढत नाही. गल्लीत, ओसरीवर, खिडकीच्या उंचीवर साचून राहतो. काकड्याची वेळ आणि धुराची वेळ एकच होऊन बसते.

आता शेजाऱ्याच्या परवानगीचे पाहू. कोणी म्हणेल, "आम्ही वर्षानुवर्षे जाळतो, कोणी कधी हरकत घेतली नाही." माउली, इथे जरा थांबा. हरकत न घेणे आणि होकार देणे यांत मोठे अंतर आहे. शेजारच्या सुनेला दमा आहे, पण तुम्ही वयाने वडील, गळ्यात माळ, दारावरून दिंडी जाते ती तुमच्या. ती "काका, धूर येतो हो" असे कधी म्हणणार नाही. खिडकी लावून घेईल, बाळाला उचलून मागच्या खोलीत नेईल, वाळत घातलेले कपडे काढील, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही भेटलात तर हात जोडून "माउली" म्हणेल. तिच्या गप्प बसण्याला आपण संमती म्हणतो. भिडेपोटी गप्प बसलेल्या माणसाकडून जे घेतले जाते, त्याला काय नाव द्यावे हे मी इथे लिहीत नाही. आपणच मनाशी ठरवावे. एवढे मात्र खरे की गावात आपला मान जितका मोठा, तितकी शेजाऱ्याची खरी परवानगी मिळणे अवघड. म्हणून मानाच्या माणसाने विचारून थांबू नये, विचारण्याची वेळच येऊ देऊ नये.

ज्यांना विचारताच येत नाही असेही पुष्कळ आहेत. पाळण्यातले मूल आहे. अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस आहे, त्याला उठून खिडकी लावता येत नाही. आणि त्या ढिगातच राहणारे आहेत. पानांचा ढीग दोन दिवस पडून राहिला की त्यात ओल धरते, आणि तिथे गांडुळे, वाण्या, गोगलगायी, मुंग्या, एखादा बेडूक, एखादा सरडा मुक्कामाला येतो. मुंग्यांच्या वारुळावर साखर घालणारा हात पुष्कळ घरांत पाहायला मिळतो. तोच हात चार पावलांवरच्या ढिगाला काडी लावतो, आणि या दोन कृतींचा एकमेकींशी संबंध आहे हे ध्यानात येत नाही. "पाल्यात जनावर असते, म्हणून तर जाळतो," असेही कोणी म्हणतात. कोकणात फुरसे पाचोळ्यात दडते हे खरेच आहे. पण त्यावर उपाय ढीग घरापासून दूर, मोकळ्या उन्हाच्या जागी नेण्याचा आहे. काठीने हलवून, जनावराला निघून जायला वाट देऊन मग तो उचलावा.

संतांच्या कथा आपण दरवर्षी ऐकतो. नाथमहाराजांनी रामेश्वराला वाहण्यासाठी कावडीतून आणलेले गंगेचे पाणी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. त्या गाढवाने अर्ज केला नव्हता. कोणाला काय हवे आहे हे त्याने बोलण्याआधी नाथांना दिसले, म्हणून ती कथा आपण सांगतो. तुकोबाराय शेताच्या राखणीला बसले आणि पाखरांना हाकलेनात, अशी कथा महिपतीबुवांनी दिली आहे. शेताच्या मालकाचे त्यात नुकसान झाले आणि तंटाही उभा राहिला, हेही त्या कथेत आहे; ते आपण सांगताना गाळू नये. करुणेला किंमत पडते. पाला न जाळण्याचीही थोडी किंमत पडते. खड्डा खणावा लागतो, पाट्या वाहाव्या लागतात, कमरेला त्रास होतो.

पाट्या म्हटल्यावर जनाबाईंची आठवण होणारच. जनाबाई झाडत होत्या, आणि देवाने केराची पाटी आपल्या डोक्यावर घेतली, असे आपण मानतो. या प्रसंगाकडे मी अलीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. पांडुरंगाला केर नाहीसा करायला काय अवघड होते? त्याच्या इच्छेने तो जागच्या जागी भस्म झाला असता. कथेत तसे काही होत नाही. देव पाटी उचलतो आणि चालत जातो. जनीचे कष्ट वाटून घेणे म्हणजे ते ओझे स्वतःच्या डोक्यावर घेणे, दुसऱ्या कोणाच्या अंगावर सोडून देणे नव्हे, एवढे तरी त्या कथेतून मला कळते. सावतोबांचेही तसेच. अरणचा हा माळी आयुष्यभर मळ्यात राबला, आणि त्याचा विठ्ठल त्याला भाजीपाल्यात भेटला. ज्याला हिरव्या पानात देव दिसला त्याला ते पान पिवळे पडून गळल्यावर देव निघून गेला असे वाटले असेल काय? माळ्याला माहीत असते की गळलेले पान पुढच्या वाफ्याचे अन्न आहे.

इथे काही आक्षेप येतात, आणि ते रास्त आहेत. होळीचे काय? होळी वर्षातून एकदा, सगळ्या गावाची मिळून, ठरलेल्या जागी पेटते. ती येणार हे सगळ्यांना ठाऊक असते, दम्याचा माणूस त्या रात्री सावध असतो. तरी तिथेही लाकडे कमी लावावीत, हिरवे झाड तोडू नये, प्लास्टिक टाकू नये. होळीचा दाखला देऊन रोजच्या ढिगाचे समर्थन करणे म्हणजे एकादशीच्या फराळाचा दाखला देऊन रोज साबुदाणा मागण्यासारखे आहे.

शेतकऱ्याचा प्रश्न याहून कठीण आहे. मावळ, मुळशी, भोर, इगतपुरी आणि सगळ्या कोकणात भाताच्या रोपांसाठी जमिनीवर शेण, काटक्या, पालापाचोळा, गवत पसरून भाजतात. त्याला कोणी राब म्हणतात, कोणी दाढ भाजणे. त्याने तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते, माती भुसभुशीत होते. हे शेतकऱ्याला पिढ्यांपासून माहीत आहे आणि ते खोटे नाही. गादीवाफ्यावर न भाजताही चांगली रोपे येतात असे कृषी खाते सांगते, आणि अनेकांनी तसे करूनही पाहिले आहे. पण ज्याच्याकडे दोन गुंठे जागा आणि एकच बैल आहे त्याला आपण माडीवरून उपदेश करावा काय? ऊस तुटल्यावर एकरी तीन-चार टन पाचट शेतात उरते. ते पेटवले की त्यातला नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातो, जमिनीतले उपयोगी जीव होरपळतात. सरीत दाबले, कुट्टी केली, तर दुसऱ्या वर्षी जमीन ओल धरते आणि खत कमी लागते. तरीही मजूर मिळत नाही, यंत्राचे भाडे परवडत नाही, खोडव्याला पाणी देण्याची घाई असते. पोटासाठी जाळणारा आणि झाडू टाकून द्यायचा कंटाळा आला म्हणून जाळणारा यांना मी एका तागडीत घालणार नाही. पण वाऱ्याच्या दिशेला बसलेल्या आजीला हा फरक कळत नाही. तिच्या छातीत दोघांचाही धूर सारखाच जातो. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यातून मला एवढेच दिसते की पोटासाठी जाळणाऱ्याला गावाने मदत केली पाहिजे, कुट्टीयंत्र मिळून घेतले पाहिजे. आणि ज्याचे पोट त्या ढिगावर अवलंबून नाही त्याने आधी थांबले पाहिजे.

चुलीच्या धुराविषयी मुद्दाम काही लिहीत नाही. ज्या बाईच्या डोळ्यांत रोज दोन वेळा धूर जातो, तिला आणखी काही सुनावण्याचा अधिकार मला नाही.

झाडू कामगारांविषयी मात्र लिहिले पाहिजे. शहरात पहाटे रस्त्याच्या कडेला पाने धुमसताना दिसतात. आपण नाक दाबून "या लोकांना काही कळत नाही" म्हणतो. त्या कामगाराला दोन गल्ल्या सात वाजायच्या आत स्वच्छ हव्या असतात, घंटागाडी सुका पाला घेत नाही, आणि त्याच्या हातात एक फाटकी पाटी असते. गाडगेबाबांच्या हातातला खराटा आपल्याला वंदनीय वाटतो. आजच्या खराट्याकडे आपण काडीपेटीसह बोट दाखवतो. धुरात सर्वांत जवळ तोच उभा असतो. पाला वेगळा उचलण्याची सोय करा, असे नगरसेवकाला लेखी सांगणे हे आपले काम आहे. कामगाराला रागावणे सोपे, म्हणून आपण ते करतो.

एका गावातले पाहिलेले सांगतो, गावाचे नाव नको. देवळापुढे मोठा पिंपळ. फाल्गुनात त्याची पाने ढिगाने पडत. पहाटे देऊळ झाडायचे, पाने सभामंडपाच्या मागे लोटायची आणि पेटवायची, हा परिपाठ. नेमका त्याच वेळी आत काकडा चाले. धूर मंडपात येई. एक वृद्ध टाळकरी दर दोन-तीन दिवसांनी आपली बसायची जागा बदलत, आणि शेवटी त्यांनी पहाटेला येणेच सोडले. लोक म्हणाले, वय झाले. देवळाचा धूर म्हणून कोणी काही बोलले नाही. देवाच्या दारचा म्हणजे तो पवित्रच असणार! पुढे एका तरुण मुलाने, शेतकी शाळेत शिकलेल्या, देवळाच्या मागे विटांचे दोन हौद बांधायचे सुचवले. पुजाऱ्यांना पटेना. घाण होईल, वास येईल, उंदीर होतील. वर्षभर वाद चालला. हौद झाले तेव्हा पहिल्या वर्षी खरोखरच वास आला, कारण त्यात निर्माल्याबरोबर नैवेद्याचे अन्नही पडले होते आणि पाणी जास्त झाले होते. दुसऱ्या वर्षी अन्न वेगळे ठेवले, पाने आणि फुले आलटून पालटून घातली, शेणकाला शिंपडला. आता ते खत देवळाच्या तुळशींना जाते. ते टाळकरी बुवा पुन्हा येऊ लागले का, असे तुम्ही विचाराल. नाही. तोवर ते गेले होते.

आता एक नाजूक प्रश्न. शेजारी ऐकत नाही, रोज जाळतो. वारकऱ्याने तक्रार करावी का? आजकाल फोनमध्ये फोटो काढून नगरपालिकेला पाठवता येतो. काहींना वाटते, क्षमा हा आपला धर्म, सोसावे. स्वतःपुरते सोसणे ही क्षमा खरी. पण घरातल्या बाळाच्या वतीने, आजारी आईच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? त्यांच्या श्वासावर आपण उदार होऊ नये. माझे मत असे की पहिल्यांदा जावे, हात जोडावेत, आणि नुसते सांगून परत येऊ नये. "चला, दोघे मिळून खड्डा करू, माझ्याकडे कुदळ आहे" असे म्हणावे. पाट्या उचलू लागावे. महिना-दोन महिने वाट पाहावी. तरी थांबले नाही, तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत रीतसर तक्रार द्यावी, आपल्या नावाने द्यावी, आणि दिल्याचे शेजाऱ्याला आधी सांगावे. निनावी तक्रार करून दुसऱ्या दिवशी "रामकृष्ण हरी" म्हणणे मला बरे वाटत नाही. आपल्या संविधानात १९७६ पासून नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांत निसर्गाचे रक्षण आणि सजीवांविषयी करुणा बाळगणे हे लिहिलेले आहे. करुणा हा शब्द कायद्याच्या पुस्तकात आला आहे, तर कायद्याकडे जाणे वारकऱ्याला कमीपणाचे का वाटावे?

आणि आपल्या स्वतःच्या वारीचे? पालखी तळावरून पुढे निघाली की मागे पत्रावळी, द्रोण, केळीच्या साली, उसाची चिपाडे, पाण्याच्या बाटल्या, कागदी पेले यांचे ढीग राहतात. निर्मल वारीच्या प्रयत्नांनी पुष्कळ फरक पडला आहे, आणि त्या सेवेकऱ्यांना दंडवत. तरी अजूनही घाईघाईत एखाद्या दिंडीचा ढीग रस्त्याकडेला पेटवून दिलेला दिसतो. तो पेटवणारा वाईट माणूस नसतो, त्याला पुढचा मुक्काम गाठायचा असतो. पण आपण निघून जातो आणि धूर त्या गावात राहतो. ज्या गावाने आपल्याला पाणी पाजले, पिठले-भाकरी घातली, पाय चेपले, त्याच गावाला. पानांची पत्रावळ गावच्या उकिरड्यात कुजू शकते. बाटली आणि पेला पोत्यात भरून पुढच्या गोळा करण्याच्या ठिकाणी नेता येतो. दिंडीच्या ट्रकमध्ये रिकाम्या पोत्यांना जागा होत नाही असे नाही. विणेकरी, चोपदार जसे नेमलेले असतात तसे दर मुक्कामाला केराचे दोघे नेमावेत, आणि ते पाळीपाळीने सगळ्यांना यावे, दिंडीप्रमुखांनासुद्धा.

निर्माल्याविषयी विचारणा नेहमी होते. देवाला वाहिलेले पायदळी येऊ नये, म्हणून काही जण ते जाळतात. तुळशीची सुकी पाने, झेंडू, बेल, दूर्वा हे सगळे मातीत सहज मिसळते. कुंडीत किंवा खड्ड्यात गेले तर ते पायाखाली येत नाही. हाराचा दोरा आणि चमकी तेवढी आधी काढून घ्यावी.

खड्ड्याचे थोडे सांगून थांबतो. तीन फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल पुरे. जागा नसेल तर जाळीचे गोल पिंप किंवा जुने पोतेही चालते. तळाला काटक्या, मग वीतभर पाने, त्यावर शेणकाला आणि मूठभर माती, पुन्हा पाने. हातात घेतल्यावर ओलसर लागावे, पिळल्यावर पाणी गळू नये. महिन्यातून एकदा काठीने खालीवर करावे. साग आणि आंब्याची पाने जाड असतात, ती चुरून घालावीत. ज्यांना एवढेही जमत नाही त्यांनी पाने नुसती झाडाच्या बुंध्याभोवती पसरावीत, उन्हाळ्यात पाणी कमी लागते. माघ-फाल्गुनात भरायला सुरुवात केलेला खड्डा ज्येष्ठात प्रस्थानाच्या वेळी अर्ध्यावर बसलेला असतो. निघण्यापूर्वी त्यावर गोणपाट टाकून कडेला दगड ठेवावेत, म्हणजे पावसाचे पाणी साचणार नाही. आषाढी करून आल्यावर एकदा उकरून पाहावे, आणि तळाशी काळी माती दिसली तर कार्तिकीच्या आधी ती तुळशीला घालावी.